गाडी गॅरेजात, धंदा घरात: विम्याच्या उशिराचे पैसे कोण देतं?



बॅचच्या पहिल्या दिवशी मी एक प्रश्न नेहमी विचारतो. तुमच्याकडचं कुठलं यंत्र बंद पडलं, तर उद्याची विक्री बंद होईल? उत्तरं ठरलेली असतात. गिरणीवाला गिरणी म्हणतो, ताई शिलाई मशीन म्हणतात, कुणी डीप फ्रीज म्हणतं. दारात उभी असलेली मोटरसायकल मात्र कुणाच्या तोंडून येत नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात भूम, वाशी, कळंबकडचा निम्मा माल दोन चाकांवरूनच बाजारात येतो. दूध, खवा, अंडी, भाजी, शेवाया, पापड, सगळं. पण गाडी ही घरची, आणि धंद्याची यंत्रं वेगळी, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

त्यामुळे गाडी पडली की आपण जखम बघतो, मोडलेला हेडलाइट बघतो, आणि ‘विमा आहे, होऊन जाईल’ म्हणतो. होऊनही जातं. पण किती दिवसांत, आणि त्या दिवसांचे पैसे कुणाच्या खिशातून, हा हिशोब कुणी मांडत नाही. विमा कंपनी तर नाहीच नाही. आज तो मांडू. व्हिडिओत हे घाईघाईत झालं होतं, आणि आकडे कागदावरच बरे कळतात.

आमच्या एका जुन्या बॅचमधला वाशी तालुक्यातला एक खवेवाला आहे. घरची चार जनावरं, गावातलं थोडं विकतचं दूध, आणि पहाटे भट्टी. सकाळी गाडीच्या मागे डबा बांधून धाराशिवला पेढेवाल्यांकडे आणि दोन हॉटेलांत खवा पोचवायचा. त्याचं नाव लिहीत नाही. कंपनीचंही नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट फारशी बदलत नाही. गेल्या श्रावणात, म्हणजे खव्याला वर्षातला सगळ्यात चांगला भाव असताना, येडशीच्या अलीकडे हायवेवर कुत्रं आडवं आलं. माणूस वाचला, हात सोलपटला. गाडीचा पुढचा फोर्क वाकला, हेडलाइट आणि मडगार्ड फुटलं, टाकीला मोठा खड्डा पडला, पुढचा टायर कापला. अठरा किलो खवा रस्त्यावर.

त्याने मला फोन केला तो त्या दिवशी नाही. सव्वीस दिवसांनी केला. “सर, कंपनीनं लई लटकवलं. महिना गेला. विमा काढूच नये.”

मी म्हटलं, भाऊ, आधी तारखा सांग. कुठल्या दिवशी काय झालं, तेवढंच. राग नंतर.

हा आमच्याकडचा जुना नियम आहे. कुठल्याही तक्रारीची आधी तारखांची यादी करायची. फोनमधल्या कॉल लिस्टवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून, पावत्यांवरून आम्ही दोघांनी ती केली. सव्वीस दिवस असे निघाले: पहिले सहा दिवस क्लेमची नोंदच नव्हती. पुढचे नऊ दिवस सर्व्हेअर येणं, पाहणी, मंजुरी यात गेले. त्यानंतर आठ दिवस टाकी आणि फोर्क यायची वाट. शेवटचे तीन काम आणि पुन्हा तपासणीत. म्हणजे ज्या कंपनीवर सगळा राग, तिच्या वाट्याला सव्वीसपैकी नऊ दिवस आले. त्यातलेही दोन गॅरेजवाल्यामुळे गेले, कारण सर्व्हेअर आला तेव्हा गाडी उघडलेलीच नव्हती आणि इस्टिमेट तयार नव्हतं. सर्व्हेअर सोलापूरचा. तो काय इस्टिमेटची वाट बघत धाराशिवला मुक्काम करणार?

मी कंपनीची बाजू घेतोय असं समजू नका. तिच्यावर येतोच. पण आधी ते पहिले सहा दिवस बघू.

खवा होता, हे लिहू का नको?

अपघाताच्या संध्याकाळी त्याने एजंटला फोन केला. कंपनीला नाही. आपल्याकडे बहुतेकांना एजंट म्हणजेच कंपनी वाटते. एजंट म्हणाला, बघतो. दोन दिवसांनी म्हणाला, “डब्यात खवा होता असं कुठं बोलू नका. पाहुण्याकडं चाललो होतो म्हणून लिहा.” आता हा माणूस सरळ. खोटं लिहायचं तर भीती, खरं लिहायचं तर क्लेम जाईल ही भीती. या दोन भीतींच्या मधे सहा दिवस गेले.

एजंट सगळाच चुकीचा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. दुचाकीची जी नेहमीची पॅकेज पॉलिसी असते, तिच्यात गाडी कशासाठी वापरायची याची एक अट असते. भाड्याने चालवणं, शर्यत आणि मालवाहतूक यांना ती पॉलिसी लागू नाही. नमुने किंवा स्वतःचं सामान चालतं, माल चालत नाही. छापील शर्तींत हे एका ओळीत असतं. आपण ती वाचलेली नसते आणि विकताना कुणी वाचून दाखवत नाही. जिथे निम्म्या गाड्यांच्या मागे कॅन किंवा डबा बांधलेला असतो, तिथे ही ओळ विकणाऱ्याला माहीत नसते यावर मी विश्वास ठेवत नाही.

पण म्हणून खोटं लिहायचं का? माझं मत स्पष्ट आहे, नाही. एक तर क्लेम फॉर्मवर तुमची सही असते, एजंटची नाही. रस्त्यावर सांडलेल्या खव्याचे फोटो चार जणांच्या फोनमध्ये असतात. आणि खोटं सापडलं तर मग ‘अट मोडली’ एवढ्यावर थांबत नाही, ‘खोटी माहिती दिली’ असं होतं, आणि तिथून परतीचा रस्ता फार अवघड.

दुसरं म्हणजे खरं सांगितलं की सगळं जातं, हे खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अमलेंदू साहू यांच्या खटल्यात याच प्रश्नावर निकाल दिला. खासगी वापराच्या विम्याची गाडी भाड्याने चालली होती, म्हणून कंपनीने दावा पूर्ण फेटाळला होता. न्यायालयाने म्हटलं, वापराची अट मोडली तरी दावा सरसकट शून्य करता येत नाही. ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणून ७५ टक्क्यांपर्यंत देता येतो. हा निकाल तुमच्या प्रत्येक प्रकरणाला जसाच्या तसा बसेल असं मी म्हणत नाही. पण खवेवाल्याने सातव्या दिवशी टोल फ्री नंबरवर खरं सांगून क्लेम नोंदवला, लेखी खुलासा मागितल्यावर दिला, आणि त्याला शेवटी ७५ टक्केच मिळाले.

खरं बोलण्याची किंमत मोजावी लागली, ती पुढे आकड्यात दिसेलच. मी ती लपवणार नाही.

‘आता सहा दिवस झाले, उशीर झाला, गेला क्लेम’ असंही त्याच्या मनात होतं. उशीर या शब्दाचा आपल्या जिल्ह्याला चांगलाच अनुभव आहे. २०२० च्या खरिपात पावसाने सोयाबीन गेलं. ७२ तासांत कळवलं नाही या कारणावर पीक विम्याचे दावे अडले. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई द्या असा आदेश दिला. वाहनांच्या बाबतीतही नियामकाने २०११ सालीच कंपन्यांना बजावलंय की कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावर खरा दावा फेटाळू नका, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढे २०१७ मध्ये ओमप्रकाश यांच्या प्रकरणात तेच धरलं. म्हणजे कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. पण सोयाबीनवाल्यांना तो उभा राहिलेला बघायला दीड वर्षाहून जास्त वाट बघावी लागली. मोटरसायकलच्या नऊ-दहा हजारांसाठी एवढी वाट कोण बघणार? म्हणून त्याच दिवशी नोंदवा. रस्त्याच्या कडेला बसून, हाताला फडकं बांधलेलं असलं तरी. नंबर पॉलिसीवर असतो, आणि नोंद झाल्यावर क्लेम नंबर मेसेजमध्ये आल्याशिवाय ‘झालं’ समजू नका.

आता आकडे

गॅरेजचं इस्टिमेट १७,६०० रुपयांचं. त्यात प्लॅस्टिक आणि रबराचे पार्ट ६,२०० चे, लोखंडी पार्ट ८,४०० चे, मजुरी ३,०००. गाडी दोन वर्षं चार महिन्यांची.

‘विमा आहे’ म्हणजे १७,६०० मिळणार, असं त्याला वाटत होतं. तसं होत नाही. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात, गाडी किती का नवी असेना. लोखंडी पार्टवर वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०. मजुरीवर घसारा नाही. म्हणजे याचे प्लॅस्टिकचे ३,१०० मिळणार, लोखंडाचे ७,१४०, मजुरी ३,०००. बेरीज १३,२४०. त्यातून दुचाकीला सक्तीने कापायचे १०० गेले, १३,१४० राहिले. त्याचे ७५ टक्के केले की ९,८५५.

खरं लिहिल्यामुळे ३,२८५ रुपये कमी आले. मला विचाराल तर ते त्याने गमावले नाहीत, विकताना कुणी विचारलं नाही म्हणून ते गेले. ‘गाडीवर काय नेता?’ एवढाच प्रश्न.

आता दुसरी बाजू, जी कुठल्याच पॉलिसीत नाही. गाडी उभी होती तरी भट्टी बंद ठेवता येत नाही, म्हशी दूध द्यायच्या थांबत नाहीत. त्याने शेजारच्या गावातल्या टेम्पोत जागा घेतली, रोजचे ३५० रुपये. सव्वीस दिवसांचे ९,१००. एका हॉटेलवाल्याने टेम्पो उशिरा येतो म्हणून दुसरीकडून खवा घ्यायला सुरुवात केली. त्याचा आकडा मी मांडत नाही, पण तो गिऱ्हाईक आजही परत आलेला नाही.

कंपनीने दिले ९,८५५. उशिराने नेले ९,१००.

हे दोन आकडे मी फळ्यावर लिहिले तेव्हा बॅचमध्ये थोडा वेळ कुणी बोललं नाही.

गाडी बंद असल्यामुळे झालेलं धंद्याचं नुकसान पॉलिसी भरत नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. गाडी ओढून न्यायच्या खर्चाचं घ्या. दुचाकीच्या नेहमीच्या शर्तींत त्याला मर्यादा ३०० रुपये. येडशीहून मोडलेली गाडी टेम्पोत घालून धाराशिवला ३०० रुपयांत आणून दाखवावी कुणीतरी, मी त्याचा सत्कार करीन.

मुद्दा असा, की उशीर कंपनीला फुकट पडतो आणि तुम्हाला रोज ३५० रुपयांना पडतो. ज्याला एखादी गोष्ट फुकट मिळते तो ती जपून का वापरेल? यात माणसं वाईट असण्याचा प्रश्न नाही. तो सोलापूरचा सर्व्हेअर बिचारा दिवसाला किती गाड्या बघत असेल. पण त्याच्या यादीत तुमची गाडी आज आली काय आणि शनिवारी आली काय, त्याला फरक पडत नाही. तो फरक आपणच पाडायला लागतो, आणि तो कागदाने पडतो.

नियम काय म्हणतो? विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, पंधरा दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा, आणि अहवाल आल्यावर सात दिवसांत निर्णय द्यायचा. अहवाल वेळेत मिळवणं ही कंपनीची जबाबदारी, तुमची नाही. कागद अपुरे आहेत एवढ्यावरून दावा फेटाळायचा नाही, आणि दाव्याशी थेट संबंध असलेलेच कागद मागायचे. पूर्वी सर्व्हेअर नेमायला ७२ तास आणि अहवालाला तीस दिवस होते, म्हणजे सुधारणा झालीय, हे मान्य करायला हवं.

पण जरा बेरीज करा. एक, पंधरा, सात. तेवीस दिवस. सगळे नियम पाळून, कुणीही कुणाला न फसवता, तेवीस दिवस लागू शकतात. ३५० ने गुणा, ८,०५० होतात. पुण्यातल्या नोकरदाराला तेवीस दिवस बस आहे, मेट्रो आहे, ऑफिसची कॅब आहे. त्याच्यासाठी हा नियम चांगला आहे. वाशीच्या खवेवाल्यासाठी हाच नियम पुरेसा नाही. दुचाकीच्या लहान दाव्यांना वेगळी, छोटी मुदत हवी, हे माझं मत मी जिथे बोलावतील तिथे मांडतो. अडचण काहीच नाही. ५० हजारांच्या खालच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअरने प्रत्यक्ष येऊन पाहणी केलीच पाहिजे असं कायद्यात नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून मंजुरी देता येते, काही कंपन्या देतातही. मागितलं तर.

मागायचं कसं? फोनवर नाही. फोनवरचा ‘हो करतो साहेब’ दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. ईमेल करा. इंग्रजी येत नाही म्हणून अडू नका, मराठीतही चालतो. मी बॅचला देतो तो मजकूर असा:

“क्लेम क्रमांक अमुक. दावा अमुक तारखेला नोंदवला. गाडी अमुक गॅरेजात उभी आहे, इस्टिमेट सोबत जोडलं आहे. अजून पाहणी झालेली नाही. पाहणीची तारीख आज लेखी कळवा. व्हिडिओ पाहणी चालत असेल तर मी आत्ता तयार आहे. लागणारे सगळे कागद एकाच यादीत सांगा. ही गाडी माझ्या रोजच्या उत्पन्नाचं साधन आहे.”

शेवटचं वाक्य कायदेशीर नाही, पण राहू द्या. आणि ‘एकाच यादीत’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. आज लायसन्स मागायचं, परवा आरसी, चार दिवसांनी बँकेचा रद्द केलेला चेक, यात आठवडे जातात.

खवेवाल्याने गाडी सव्वीसाव्या दिवशी पूर्ण पैसे भरून सोडवली, कारण त्या गॅरेजात कॅशलेस नव्हतं. १७,६०० एकदम. त्यातले दहा हजार बायकोच्या बचत गटातून उचलले. बिलं दिल्यावर पंधरा दिवस काहीच हाललं नाही, तेव्हा मी त्याला तारखांची यादी जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करायला लावला. चार दिवसांत पैसे खात्यात. योगायोग असेलही. मी योगायोगावर फार विश्वास ठेवत नाही.

त्याने नसतं भागलं, तर नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करता येते, १५५२५५ या नंबरवरही. कंपनीने महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर पुण्याचे विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही. धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगातही पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. पण नऊ हजारांसाठी माणूस तिथपर्यंत जात नाही, हे तुम्हालाही माहीत आणि कंपनीलाही. म्हणून पहिल्या आठवड्यातले दोन ईमेल नंतरच्या दहा तक्रारींपेक्षा जास्त कामाचे.

क्लेम करायचाच का?

हा प्रश्न बॅचमध्ये एका ताईंनी विचारला, आणि तो खरा व्यापारी प्रश्न आहे.

बघा. गावातला मेकॅनिक म्हणाला होता, फोर्क सरळ करून, जुनी टाकी बसवून तीन दिवसांत ९,५०० मध्ये गाडी रस्त्यावर आणतो. तीन दिवसांचा टेम्पो १,०५०. एकूण १०,५५०. आणि विम्याच्या रस्त्याने त्याला काय पडलं? स्वतःच्या खिशातून ७,७४५, टेम्पोचे ९,१००, एकूण १६,८४५. विमा असून विमा वापरणं सहा हजारांनी महाग पडलं!

लगेच ‘सर म्हणतात क्लेम करू नका’ असं पसरवू नका. वाकलेला फोर्क ठोकून सरळ केलेली गाडी, मागे अठरा किलोचा डबा, आणि समोरून सोलापूर-धुळे हायवेची ट्रकची रांग. त्या १०,५५० मध्ये ही जोखीम मोजलेली नाही, आणि मी ती मोजूही शकत नाही. मी त्याला नवीन फोर्कच टाकायला सांगितलं असतं. शिवाय पहिल्या दिवशी क्लेम नोंदवला असता, सर्व्हेअर यायच्या आधी गाडी उघडून इस्टिमेट तयार ठेवायला गॅरेजवाल्याला सांगितलं असतं, मंजुरी येईपर्यंत पार्ट कुठे मिळतात ते बघून ठेवलं असतं, तर चौदा दिवसांत भागलं असतं असं माझं गणित आहे. चौदा दिवसांचे ४,९०० आणि खिशातले ७,७४५, मिळून १२,६४५. नवीन कोऱ्या पार्टसकट. हा सौदा मला मान्य आहे.

पण आरसा आणि इंडिकेटर फुटला, दीड हजाराचं काम, अशा वेळी क्लेमच्या नादी लागू नका. प्लॅस्टिकवर निम्मा घसारा जाऊन हातात सातशे येतील, दोन दिवस गाडी उभी राहिली तर ते टेम्पोत गेले. ‘नो क्लेम बोनस जाईल’ या भीतीने मात्र मोठा क्लेम सोडू नका. बोनस हा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. लहान मोटरसायकलचा तो भाग हजाराच्या आसपास धरला, तर ३५ टक्के बोनस म्हणजे साडेतीनशे रुपये. एका दिवसाचा टेम्पो. कारवाल्यांचं ऐकून दुचाकीवाले घाबरतात.

आणि हा सगळा हिशोब कुणाला लागू? ज्याचा स्वतःच्या नुकसानीचा विमा चालू आहे त्याला. इथे एक मोठी गफलत आहे, आणि दर बॅचला ती ऐकून काही चेहरे उतरतात. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. कागदावर पाच वर्षं पुढची तारीख दिसते, आपण निर्धास्त. पण त्याच कागदावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याच वेळा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो आपण भरतच नाही. पोलिसांनी अडवलं तर कागद चालतो, दंड होत नाही, त्यामुळे कळतही नाही. कळतं ते गाडी गॅरेजात गेल्यावर. खवेवाल्याच्या एजंटने हा भाग दरवर्षी आठवणीने भरून घेतला होता. बाकी काही असो, हे श्रेय त्याचं त्याला दिलं पाहिजे. तुमचा कागद आत्ता उघडून दोन्ही तारखा बघा. वाचायचं नंतर.

खवेवाल्याची पॉलिसी आता नूतनीकरणाला आलीय. या वेळी त्याने आधी कंपनीला ईमेल केला: ‘माझ्या गाडीवर रोज पंधरा-वीस किलो खवा जातो, माझा स्वतःचा माल आहे, भाड्याचा नाही. हे तुमच्या पॉलिसीत चालतं का? चालत नसेल तर काय घ्यावं लागेल?’ मजकूर त्याचाच, मी फक्त शुद्धलेखन बघितलं. एजंट त्याच्यावर चिडलाय, म्हणतो कशाला उगीच विचारायचं. टोल फ्रीवरच्या मुलीने ‘चालतंय सर’ असं तोंडी सांगितलं. त्याने तिला म्हटलं, ताई, एवढंच ईमेलवर लिहून द्या.

आज अकरावा दिवस आहे. उत्तर आलेलं नाही. त्याच्या वहीत तारीख लिहिलेली आहे.